थेट पिनेला मोटर लावू नकोस

तू विचारलंस त्याचं उत्तर आधी एका वाक्यात देते, मग सावकाश बोलू. मोटर थेट आर्डुइनोच्या पिनेला लावायची नाही. छोटी असली तरी नाही, "एकदाच बघते चालते का" म्हणूनही नाही, आणि कुणाच्या व्हिडिओत लावलेली दिसली तरी नाही.

तुमच्या गटाचा विषय मला मनापासून आवडला. साकवावर पाणी चढायला लागलं की दोन्ही काठांवरची फाटकं आपोआप आडवी व्हावीत, हे पोलादपूरच्या मुलींनाच सुचावं. आपल्याकडे जुलैत पऱ्याला पाणी आलं की पलीकडे जायचं की थांबायचं हे जो तो आपल्या अंदाजानं ठरवतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल पुरात गेला, तेव्हा तू अगदी लहान होतीस. मुंबई-गोवा महामार्गावरचा पूल तो. दोन एसटी बस गेल्या, माणसं गेली. पुढे २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्यात बुडालं, त्याच पावसात तळिये गाव दरडीखाली गेलं, आपल्या तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यावर दरडी आल्या. पुढचा रस्ता बंद आहे हे वेळेत सांगणारं काहीतरी असावं, ही गोष्ट आपल्याकडच्या कुणालाही पटवून द्यावी लागत नाही. म्हणूनच तुमच्या मॉडेलकडे मी खेळणं म्हणून बघत नाही. फाटक आहे म्हणजे ते कुणाच्या तरी अंगावर येऊ शकतं, आणि नको तेव्हा उघडंही राहू शकतं. मोटर सुरक्षित चालवायची म्हणजे बोर्ड वाचवायचा, एवढाच अर्थ तू धरू नयेस असं मला वाटतं. बोर्ड गोंधळला, वायर सुटली, वीज गेली, तर ती मोटर काय करेल हेही आधी ठरलेलं असलं पाहिजे.

पण आधी बोर्ड वाचवू.

उनो बोर्डावर जी एटमेगा ३२८पी नावाची चिप असते, तिच्या एका पिनेतून २० मिलिअँपिअरपर्यंत करंट घ्यावा असं धरतात. ४० मिलिअँपिअर ही शेवटची मर्यादा आहे. तिच्या बरंच अलीकडे थांबायचं असतं. शिवाय सगळ्या पिनांचा मिळून करंट २०० मिलिअँपिअरच्या वर जाऊन चालत नाही. एलईडी पेटवायला हे भरपूर झालं. आता तुझ्याकडची पिवळी बीओ मोटर बघ. काही ओढायचं नसताना, नुसती हवेत फिरतानाही ती शे-दोनशे मिलिअँपिअर खाते. म्हणजे निव्वळ रिकाम्या फिरण्यातच ती पिनेच्या मर्यादेच्या कितीतरी पलीकडे गेली. ईएसपी३२ वापरणार असाल तर तिथं पिन ५ ऐवजी ३.३ व्होल्टची असते आणि हिशेब याहून नाजूक होतो.

"पण मैत्रिणीनं लावली होती, चालली की," असं तू म्हणशील. चालते कधीकधी. पिन त्याच क्षणी मरेलच असं नाही. आतून अर्धवट भाजते आणि आठवड्यानं भलतंच काहीतरी होतं. सेन्सर चुकीचं वाचन देतो, बोर्ड मधेच रीसेट होतो, आणि मुली कोडमध्ये चूक शोधत बसतात. कोडमध्ये काही सापडत नाही, कारण तिथं काही नसतंच.

आता एक काम कर. माझ्या मते साऱ्या तयारीत हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि ड्रायव्हर विकत घेण्याआधी करायचं. मल्टिमीटर ओहमवर ठेव आणि मोटरच्या दोन टोकांमधला रोध मोज. मोटर तेव्हा कशालाच जोडलेली नको. दांडा थोडा थोडा फिरवत वेगवेगळ्या जागी मोज, कारण आतले ब्रश कुठे टेकलेत त्यावर आकडा बदलतो. सगळ्यात कमी आलेला आकडा वहीत लिही. समजा तो ५ ओहम आला. चार सेलचे ६ व्होल्ट भागिले ५, म्हणजे १.२ अँपिअर. मोटर जाम झाली की ती एवढा करंट ओढणार. आणि नीट लक्षात घे, सुरू होण्याच्या पहिल्या क्षणीही जवळपास एवढाच, कारण त्या क्षणी ती थांबलेलीच असते. फिरायला लागली की तिच्यात उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं आणि करंट खाली उतरतो. दुकानदार तुला मोटरचा फिरतानाचा करंट सांगेल. ड्रायव्हर मात्र जाम झालेल्या मोटरच्या आकड्यावरच निवडायचा, आणि त्याहून थोडा वरचा निवडायचा.

फाटकाची मोटर कधी ना कधी जाम होणारच. कुणीतरी दांडी हातानं धरेल, खाली दगड येईल, प्रदर्शनात एखादं लहान पोर लोंबकळेल. कागदावर लिहून ठेवायचा प्रसंग हाच.

ड्रायव्हरचं काम साधं आहे. पिनेनं फक्त चालू-बंद सांगायचं, मोटरचा करंट बॅटरीतून ड्रायव्हरमधून यायचा. मोटर एकाच दिशेनं फिरवायची असती, पंप किंवा पंखा असता, तर एक मॉस्फेट, म्हणजे स्विचसारखा वापरायचा ट्रान्झिस्टर, पुरला असता. तरी त्याबद्दल सांगून ठेवते, कारण पुढे पाण्याचा पंप करायचं तुमच्या मनात आहे. बाजारात आर्डुइनोसाठी म्हणून आयआरएफ५२० चं तयार मॉड्यूल मिळतं आणि फार खपतं. तो मॉस्फेट पूर्ण उघडायला गेटवर १० व्होल्ट लागतात. पिनेच्या ५ व्होल्टवर तो अर्धवट उघडतो, मोटर चालल्यासारखी वाटते आणि मॉस्फेट तापत जातो. ३.३ व्होल्टवर तर विचारूच नकोस. त्याऐवजी आयआरएलझेड४४एन माग. नावातल्या 'एल' कडे लक्ष दे. हा पिनेच्या ५ व्होल्टवर व्यवस्थित उघडतो. कुठलाही मॉस्फेट घेताना डेटाशीटमध्ये तो किती गेट व्होल्टेजला किती रोध देतो ते बघायचं. 'उघडायला सुरुवात होते' तो आकडा वेगळा असतो, त्याला भुलायचं नाही.

फाटकाला मात्र वर आणि खाली अशा दोन्ही दिशा हव्यात, म्हणून एच-ब्रिज लागेल. चार स्विचची मांडणी असते ती. त्यातले दोन एका दिशेला, दोन दुसऱ्या दिशेला. एकाच बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही स्विच एकदम चालू झाले तर बॅटरी थेट शॉर्ट होते. म्हणून सुटे ट्रान्झिस्टर जोडून एच-ब्रिज करायचा हट्ट आत्ता नको. तयार चिप घे, तिच्यात ही काळजी घेतलेली असते. एल२९३डी सगळीकडे मिळते, पण ती एका मोटरला सतत ६०० मिलिअँपिअरच देऊ शकते. तुझा आकडा १.२ अँपिअर आला तर तो तिच्या क्षणिक मर्यादेवरच जाऊन बसतो, म्हणून मी ती घेणार नाही. एल२९८एन चं ते लाल मॉड्यूल करंट भरपूर देतं, पण जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरचं असल्यानं दोनेक व्होल्ट स्वतःच खातं. सेलच्या ६ व्होल्टांमधले चारच मोटरपर्यंत पोचतात, बाकीचे हीटसिंक तापवतात. मग मुली म्हणतात मोटरमध्ये दम नाही. तुमच्यासाठी मी टीबी६६१२ सुचवेन. मॉस्फेटची चिप आहे, व्होल्टेज फारसं खात नाही, सतत १.२ अँपिअर आणि क्षणभर ३.२ अँपिअरपर्यंत झेपतं. तुझी मोटर याहून जास्त ओढत असेल तर मला आकडा कळव, मोठा ड्रायव्हर शोधू.

आता डायोड. हा एक-दोन रुपयांचा तुकडा लोक का विसरतात मला कळत नाही, कारण बोर्ड बहुतेक वेळा याच्यावाचून जातात. वाडीत वरच्या झऱ्याचं पाणी पाइपानं येतं, तो नळ झटकन बंद केला की पाइप धाडकन हादरतो ना? वाहतं पाणी एकदम अडवलं की त्याचा जोर पाइपावर आदळतो. मोटरच्या वेटोळ्यातल्या करंटचं तसंच आहे. ट्रान्झिस्टर बंद झाला तरी तो करंट वाहायचा थांबायला तयार नसतो आणि वाट मिळेपर्यंत व्होल्टेज वाढवत जातो. ६ व्होल्टच्या मोटरीतून त्या क्षणाला कितीतरी पट व्होल्टेज उसळतं आणि ट्रान्झिस्टरला, कधी थेट बोर्डाला, भोक पाडतं. मोटरच्या दोन टोकांवर उलटा डायोड लावला की त्या करंटला फिरायला वाट मिळते आणि तो तिथेच विरतो.

'उलटा' म्हणजे कसा, ते नीट बघ. डायोडवर जी पट्टी असते ती मोटरच्या प्लस बाजूला. चुकून पट्टी मायनसकडे गेली तर मोटर चालू करताच सगळा करंट डायोडमधूनच जाईल, शॉर्ट होईल. आणि पुढे लागणाऱ्या मोठ्या कपॅसिटरवरची पट्टी मात्र मायनसची खूण असते. म्हणजे एकाच सर्किटमध्ये एका तुकड्याची पट्टी प्लसकडे आणि दुसऱ्याची मायनसकडे येते. उलटा लावलेला कपॅसिटर फुगतो, फुटतोही, डोळ्यांजवळ नको. मी हे दोन्ही कागदावर रंगीत पेनानं काढून मगच हात लावते, तूही काढ.

१एन४००७ हा डायोड नुसत्या चालू-बंदसाठी पुरतो. पीडब्ल्यूएम वापरून वेग कमी-जास्त करणार असाल तर १एन५८१९ घ्या. तो चटकन प्रतिसाद देतो. पण हे सगळं एका मॉस्फेटच्या सर्किटसाठी. एच-ब्रिजमध्ये करंट दोन्ही दिशांनी जातो, तिथं मोटरवर असा एकच डायोड चालतच नाही, एका दिशेला तो शॉर्ट करेल. टीबी६६१२ मध्ये ही वाट चिपच्या आतच असते. एल२९३डी मधला शेवटचा 'डी' आतल्या डायोडचा आहे. 'डी' नसलेली चिप आली तर डायोड बाहेरून लावावे लागतात. दुकानात हातात घेऊन वाच.

जुन्या सीएफएल बल्बांमधून डायोड काढता येतात हे खरं आहे, पण तू काढू नकोस. काच फुटली तर आत पारा असतो, आणि आतल्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असू शकते. डास मारायची रॅकेट तर अजिबात उघडायची नाही.

बॅटरीवर मी जरा जास्त बोलणार आहे.

मोटरला बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेतून वीज द्यायची नाही. बोर्ड यूएसबीवर असेल तर संगणकाचा साधा पोर्ट ५०० मिलिअँपिअरसाठी असतो, आणि शाळेच्या लॅबमधला संगणक तुझ्या मोटरसाठी धोक्यात घालण्याचं काही कारण नाही. मोटरला वेगळी बॅटरी दे. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणू नकोस. ती रिमोटसारख्या कामांना बनलेली, मोटर लावली की तिचं व्होल्टेज कोसळतं. चार पेन्सिल सेलची डबी छान. आणि लॅपटॉपमधून काढलेले जुने १८६५० सेल कुणी आणून दिले तर नम्रपणे परत कर. शॉर्ट झालेला लिथियम सेल वायरी लाल करतो आणि पेट घेऊ शकतो. वर्गात, कागदी मॉडेलच्या खाली, ते नको. पुढे कधी वापरायचेच झाले तर संरक्षण सर्किट असलेला चांगला सेल, योग्य चार्जर आणि फ्यूज, या तिन्हींशिवाय नाही. आत्ताही बॅटरीच्या प्लस वायरीत एक छोटा फ्यूज घाल. आपोआप परत जुळणारे पॉलिफ्यूज मिळतात, प्रदर्शनाला ते बरे.

दोन बॅटऱ्या झाल्या तरी दोघींचं मायनस एकत्र जोडायचं. ते जोडलं नाही तर पिन काय सांगते आहे हे ड्रायव्हरला कळतच नाही, आणि मोटर मनाला येईल तशी वागते. मात्र मोटरचा करंट बोर्डाच्या ग्राउंडमधून फिरून जाता कामा नये. ड्रायव्हरचं मायनस जाड वायरीनं थेट बॅटरीला, आणि तिथून एक वायर बोर्डाला. ब्रेडबोर्डच्या आतल्या पट्ट्या आणि ते बारीक जंपर मोटरच्या करंटसाठी नाहीत. आपल्या हवेत तर पावसाळ्यात त्या पट्ट्या गंजतात, संपर्क ढिला पडतो आणि तापतो. मोटर आणि बॅटरीच्या वायरी ड्रायव्हरच्या स्क्रूमध्येच कस, नाहीतर सोल्डर कर.

ड्रायव्हरच्या बॅटरीच्या टोकांवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावलास तर मोटर सुरू होताना व्होल्टेज खचत नाही. मोटरच्या टोकांवर '१०४' लिहिलेला छोटा चपटा कपॅसिटर थेट सोल्डर कर; ब्रशच्या ठिणग्यांचा गोंगाट तो तिथल्या तिथे कमी करतो. मोटर सुरू झाली की सेन्सरचे आकडे नाचायला लागणं बरेचदा एवढ्यानंच थांबतं.

बोर्ड वाचला. आता बोर्ड भानावर नसतो तेव्हाचं बघू, कारण माझा खरा जीव तिथं आहे.

बोर्डाला वीज मिळाल्यापासून तुझा कोड सुरू होईपर्यंत थोडा वेळ जातो. त्या वेळात पिना कुणाचंच ऐकत नसतात, त्यांचं व्होल्टेज अधांतरी असतं. मॉस्फेटचा गेट अधांतरी राहिला की तो आपला आपण उघडू शकतो आणि मोटर झटका देते. यावर उपाय फक्त १० किलोओहमचा एक रेझिस्टर, गेटपासून ग्राउंडला. टीबी६६१२ वर स्टँडबाय नावाची पिन आहे. ती खाली असेल तर मोटर बंद. तिलाही असाच रेझिस्टर ग्राउंडला लाव आणि कोडनं सगळं तपासून झाल्यावरच ती वर कर. म्हणजे बोर्ड रीसेट होवो, वायर निसटो, मोटर थांबलेलीच असेल.

हे मी कारखान्यात रोज बघते. लोणेऱ्याला शिकून आता महाडच्या एमआयडीसीत मोटरींच्या पॅनेलपाशी काम करते म्हणून तुला सांगते: मोठ्या मोटरच्या स्टार्टरमध्ये वीज गेली की कॉइल सुटते, आणि वीज परत आली तरी कुणीतरी बटण दाबल्याशिवाय मोटर सुरू होत नाही. ही सोय मुद्दाम केलेली असते, कारण मधल्या वेळेत कुणाचा हात आत असू शकतो. शेतातल्या पंपाच्या स्टार्टरमध्येही तेच असतं. लोक त्याला ऑटो स्विच लावतात, म्हणजे लाइट आली की पंप आपोआप सुरू. मग लाइट येताच सगळे पंप एकदम उठतात आणि ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो. म्हणून ऑटो स्विच वापरू नका असं महावितरण शेतकऱ्यांना सांगत असते. तुझ्या छोट्या मोटरलाही हाच नियम लाव. वीज परत आली म्हणून फाटक लगेच हलता कामा नये. आधी पाण्याचा सेन्सर वाचायचा, मग फाटक कुठे आहे ते बघायचं, बझर वाजवायचा, आणि मगच हलवायचं.

फाटक कुठे आहे हे कळायला दोन्ही टोकांना लिमिट स्विच लागतील. त्यांची जोडणी अशी कर की फाटक टोकाला पोचल्यावर संपर्क तुटेल. म्हणजे वायर तुटली तरी बोर्डाला "टोक आलं" असंच वाटेल आणि मोटर थांबेल. उलट जोडणी केली, तर तुटलेल्या वायरीचा पत्ता लागत नाही आणि मोटर टोकाला जाऊन ढुसण्या देत बसते. पाण्याच्या सेन्सरलाही हेच धोरण लाव: त्याची वायर तुटली तर पाणी आलं असं समजायचं. कोरड्या दिवशी फाटक विनाकारण पडलं तर लोक वैतागतील. पुराच्या दिवशी ते पडलंच नाही तर काय होईल हे तुला सांगायला नको.

कोडमध्ये वेळेची मर्यादा घाल. फाटक खाली यायला ३ सेकंद लागत असतील तर ५ सेकंदांच्या वर मोटर चालूच राहता कामा नये, स्विचनं काही सांगो वा न सांगो. ती मर्यादा ओलांडली तर मोटर बंद, लाल दिवा चालू, आणि माणूस येईपर्यंत पुन्हा प्रयत्न नाही. मोटर चालू असताना डिले वापरू नकोस. त्या वेळात बोर्ड स्विचकडे बघतच नसतो. मिलिस वापरून लिही. दिशा बदलताना आधी थांब, पाव-अर्धा सेकंद जाऊ दे, मग उलट फिरव. धावत्या मोटरला एकदम उलटं ओढलं तर करंट जाम झाल्यापेक्षाही वर जातो, जवळपास दुप्पट. आणि वॉचडॉग चालू कर. कोड कुठे अडकला तर तो बोर्ड स्वतः रीसेट करतो. उनोवर हे नीट चालतं. जुन्या बूटलोडरच्या नॅनोवर बोर्ड रीसेटच्या फेऱ्यात अडकतो, म्हणून नॅनो असेल तर आधी तपासून घे.

जोडणी तपासायची ती पायरीपायरीनं. पहिल्यांदा मोटरच्या जागी रेझिस्टरसकट एलईडी लाव आणि कोडचं सगळं वागणं बघ: रीसेट दाब, सेन्सरची वायर काढ, लिमिट स्विचची काढ. मग नुसती मोटर, फाटकाशिवाय. करंट मोजताना मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घालावी लागते. मोजून झालं की ती लगेच परत व्होल्टच्या भोकात, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीचं व्होल्टेज मोजायला जाशील आणि मीटरमधूनच शॉर्ट होईल. सगळ्यात शेवटी फाटक लाव. ओढणी, मोकळे केस, बांगड्या दातेरी चक्रांपासून लांब. मोटर छोटी आहे, गिअर मात्र जोर करतात.

सामानाचं. महाडला सगळं मिळेलच असं नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाचा परिसर, इथे या सगळ्या वस्तू सुट्या मिळतात. कुणी येत-जात असेल तर यादी दे, पण नंबर अचूक लिहून दे आणि "त्याच्यासारखं दुसरं" आणू नका असं बजाव. डायोड, रेझिस्टर आणि फ्यूज जास्तीचे मागव. पावसात आंबेनळी घाट बंद झाला की एक रेझिस्टरसुद्धा चार दिवस येत नाही. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आर्डुइनोचे धडे आहेत, फुकट. तुमच्या शाळेतून इन्स्पायर अवॉर्ड मानकला कल्पना पाठवता येते का तेही सरांना विचार. निवड झाली तर मॉडेलसाठी १० हजार रुपये मिळतात, आणि साकवाचं फाटक ही पाठवण्यासारखी कल्पना आहे.

अजून एक, आणि हे तुझी ताई म्हणून. गटात मुलगे असले की वायरिंग त्यांच्याकडे जातं, मुलींकडे चार्ट रंगवायचं आणि पाहुण्यांना माहिती सांगायचं काम येतं. कुणी वाईट हेतूनं करत नाही, आपोआप होतं. तू होऊ देऊ नकोस. सोल्डरिंग आयर्न तुझ्याही हातात आलं पाहिजे, रोध तू मोजला पाहिजेस, आणि परीक्षकांनी "हा डायोड कशाला?" विचारलं तर उत्तर देणारी तू असली पाहिजेस. ज्याला जोडणी कळते त्यालाच बिघाड सापडतो. मुलींना मोटर-बिटर कळत नाही असं आमच्या पॅनेलरूममध्ये आता कुणी म्हणत नाही, पण तिथवर पोचायला शाळेत हात काळे झालेले असावे लागतात.

तर आता रविवारपर्यंत एवढं कर. मोटरचा रोध मोजून आकडा मला पाठव. पूर्ण जोडणीचं चित्र वहीत काढ, प्लस लाल, मायनस काळं, आणि त्याचा फोटो पाठव. तो मी बघून "हो" म्हणेपर्यंत बॅटरीची डबी दप्तरातच राहू दे.